पॅशन फ्रूटला फुलं ढीगभर, फळ एकबी नाही? मग भुंग्याचं काम आपल्यालाच करावं लागतंय

आधीच सांगते, पॅशन फ्रूटचा वेल आपल्याकडं वाढवणं काही अवघड नाही. परभणीच्या उन्हात पण तो कसाबसा तग धरतो अन् मृग लागला की असा काही सुटतो की सकाळी बघावं तर रात्रीतून शेजारच्या डिशच्या वायरला जाऊन लोंबकळायलाय. अवघड आहे ते त्याला फळ धरवणं. माझा पहिला वेल दोन वर्षं नुसता फुलत होता, रोज पंधरा-वीस फुलं, येणारे-जाणारे गेटपाशी थांबून फोटो काढायचे, अन् फळ शून्य. तिसऱ्या वर्षी एका हंगामात दीडशेच्या वर फळं उतरवली, त्याच अंगणात, तेच बोअरचं पाणी. मधल्या काळात काय काय चुकलं अन् काय केल्यावर जमलं ते सगळं लिहायलेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिली चूक रोप आणतानाच झाली. नर्सरीवाला म्हणला ताई परभणीत हे कुणाकडंच नाही, अन् जगात जर्मनी देशात परभणी म्हणत मोठं झालेल्या माणसाला एवढं पुरतं, मी एकच रोप उचललं अन् आले. कोणती जात हे विचारलंच नाही. तर आता तुम्ही विचारा. याच्यात मुख्य दोन प्रकार, जांभळ्या सालीचा अन् पिवळ्या सालीचा. जांभळं फळ लहान, गोड, वासाचं. पिवळं मोठं, रस जास्त पण आंबट. जांभळ्याला थोडी थंड हवा मानवते, पिवळा गरम हवेत बरा टिकतो. तिसरा एक संकर आहे, कावेरी नावाचा, बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या कोडगूतल्या चेट्टळ्ळी केंद्रानं जांभळा अन् पिवळा यांच्यापासून काढलेला, त्याचं फळ जांभळं असतं.

आता मुद्द्याचं. जांभळ्या वेलाचं फूल स्वतःच्याच परागावर फळतं, म्हणजे एक वेल असला तरी चालून जातं. पिवळ्याचं तसं नाही, त्याला सगोत्र लग्न चालत नाही! त्याच फुलाचा पराग तर नाहीच, त्याच वेलाच्या दुसऱ्या फुलाचा पण चालत नाही, वेगळ्याच वेलाचा लागतो. हे मला कुणीतरी सांगितलं तर मी काय शहाणपणा केला, त्याच वेलाची फांदी कापून कटिंग लावलं अन् म्हणलं झाले की आता दोन वेल. वर्षभर दुसरा वेल सांभाळला, तोही भरभरून फुलला, फळ काही नाही. कारण कटिंग म्हणजे तोच वेल, नुसतं दुसऱ्या कुंडीत बसवलेला. गोत्र एकच राहिलं. पिवळा लावायचा असेल तर दोन रोपं बियांपासून केलेली घ्या, जमलं तर दोन वेगळ्या फळांच्या बियांची, तीन असली तर अजून चांगलं, कारण दोन सख्ख्या बहिणी निघाल्या तर कधी कधी त्यांचंही एकमेकीशी जमत नाही.

अन् एक जांभळा एक पिवळा लावून भागवू असं बी कुणी म्हणू नका. जांभळ्याचं फूल सकाळी लवकर उघडतं अन् दुपार व्हायच्या आत मिटायला लागतं, पिवळ्याचं फूल दुपारी बाराच्या आसपास उघडतं अन् रात्री मिटतं. एकाची ड्युटी संपली की दुसऱ्याची सुरू, गाठ पडायची कशी.

बी टाकायचं असलं तर पिकून सुरकुतलेलं फळ घ्या, गर बियांसकट वाटीत दोन-तीन दिवस तसाच ठेवा, थोडा आंबला की चाळणीत चोळून धुवा अन् लगेच लावा. ताजं बी दोन ते चार आठवड्यांत उगवतं, डब्यात वर्षभर ठेवलेलं बी रडवतं. अर्धा इंच खोल, त्याच्यापेक्षा जास्त नाही. कटिंग करायचं तर पेन्सिलीएवढी जाड फांदी, तीन-चार डोळे, खालची पानं काढून सावलीत, पावसाळ्यात महिना-दीड महिन्यात मुळ्या सुटतात.

जागा आणि माती

आपली काळी माती कापसाला चांगली, याला नाही. पावसाळ्यात चिकट होऊन पाणी धरून बसते अन् या वेलाची मुळं वरच्या वरच असतात, चार दिवस पाण्यात राहिली की बुंध्यापासून कुजतात, अन् वरून बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं म्हणून मान टाकली, मग अजून पाणी. माझं एक रोप मी असंच हातानं मारलंय. तर दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, तळाला विटांचे तुकडे किंवा मुरूम, त्याच्यावर अर्धी माती, बाकी कुजलेलं शेणखत अन् थोडी वाळू, वरून दोन ओंजळी निंबोळी पेंड. अन् सगळ्यात महत्त्वाचं, रोप खड्ड्यात नाही तर उंचवट्यावर लावा, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर तरी वर. वेलाच्या बुडाशी आळं करून पाणी तुंबवायची आपल्याला सवय आहे, इथं आळं बुंध्यापासून हातभर लांब करा.

गच्चीवर लावायचं असलं तर ती निळी दोनशे लिटरची टाकी आडवी कापून अर्धी घ्या, बुडाला अंगठा जाईल एवढी आठ-दहा भोकं पाडा. बारा इंची कुंडीत हा वेल जगतो पण फळाचं नाव काढत नाही.

पाण्याचं काय, तर बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी क्षाराचं, याला ते फारसं आवडत नाही. पावसाचं साठवलेलं, तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी द्या. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र देऊ नका, सगळे क्षार त्याच्यातच उतरलेले असतात, मी वाचवायच्या नादात वर्षभर तेच घालत होते अन् पानांच्या कडा करपायल्या म्हणून औषध शोधत होते. पाणी वाचवायची हौस आपल्याकडं असायचीच म्हणा, २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणायची वेळ आली होती, ती गाडी बघितलेला माणूस बादली ओतताना दोनदा विचार करतो. म्हणून बुडाशी सोयाबीनचं भुसकट चार बोटं जाड अंथरा, पाणी निम्म्यावर येतं. फक्त भुसकट बुंध्याला चिकटवू नका, चार बोटं मोकळी जागा ठेवा, नाहीतर तिथंच ओल धरून कूज सुरू.

पानं पिवळी अन् शिरा तेवढ्या हिरव्या दिसायल्या तर घाबरू नका, ती लोहाची कमी. आपल्या मातीत चुनखडी जास्त असल्यामुळं लोह असूनही मुळाला मिळत नाही. कृषी सेवा केंद्रात हिराकस (फेरस सल्फेट) मागा, स्वस्त असतं, एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम, त्याच्यात अर्धं लिंबू पिळून संध्याकाळी पानांवर फवारा. अन् चुलीतली राख टाकायचा मोह आवरा, राखेनं माती अजून अल्कली होते. खत थोडं थोडं अन् वारंवार, महिन्याला दोन ओंजळी गांडूळखत. युरिया घातला की नुसता पाला माजतो.

मांडव सहा-साडेसहा फूट, जास्त उंच नको, कारण पुढं रोज हात वर करून काम करायचंय. जाड तार अन् बांबू पुरतात. खालून एकच खोड सुतळीनं वर न्यायचं, मधल्या फुटी खुडायच्या, वर पोचला की शेंडा मोडायचा अन् फांद्या चारी अंगानं पसरू द्यायच्या, त्या फांद्यांच्या फुटी पडद्यासारख्या खाली लोंबतात, फूल येतं ते या नव्या फुटीवरच. म्हणून छाटणी पाहिजे. मी थंडी ओसरली की जानेवारी शेवटी किंवा फेब्रुवारी सुरुवातीला वाळलेल्या अन् फळून गेलेल्या फांद्या कापते, पण वेल पूर्ण उघडा करत नाही. एप्रिलमध्ये चुकूनही कात्री लावू नका, उघडी फांदी उन्हानं भाजून निघते.

एप्रिल-मे म्हणजे परीक्षा. पारा चाळीसच्या पुढं गेला की कळ्या सुपारीएवढ्या होऊन गळतात, त्याच्यावर काही उपाय नाही अन् कुणी टॉनिक विकायला आलं तर घेऊ पण नका, हा वेल पस्तीसच्या वर गेलं की फुलायचं मनावरच घेत नाही. त्या दोन महिन्यांत फळाची आशा सोडून वेल जिवंत ठेवायचा, पश्चिमेकडून ५० टक्क्यांची शेडनेट, संध्याकाळी पाणी, बस. दिवस लई लहान झाले तरी फुलं कमी होतात, म्हणून डिसेंबरात पण शांतता. माझ्याकडं खरा हंगाम पहिल्या पावसापासून दिवाळीपर्यंत अन् मग छाटणीनंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये थोडा.

फूल नीट बघा, पुढचं सगळं त्याच्यावर आहे

आमच्या सासूबाईंनी पहिलं फूल पाहिलं अन् म्हणल्या, अगं हे तर कृष्णकमळ! जवळचाच नातलग आहे खरा, कुळ एकच. त्यांनी मग मला चष्मा लावून मोजून दाखवलं: बाहेरची जांभळी-पांढरी झालर म्हणजे शंभर कौरव, त्याच्या वर पाच पांडव, मधली हिरवी गोळी म्हणजे द्रौपदी, अन् सगळ्यात वर तीन टोकं म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश. (दक्षिण अमेरिकेत गेलेल्या स्पॅनिश पाद्र्यांना याच फुलात येशूचा काट्यांचा मुकुट, पाच जखमा अन् तीन खिळे दिसले, पॅशन हे नाव तिथून, प्रेमाबिमाशी संबंध नाही. ज्याचं त्याचं महाभारत.) मला कुक्षी, परागकोश हे शब्द शाळेपासून पाठ होते पण खरं काम समजलं ते सासूबाईंच्या हिशोबानं. पाच पांडव खाली तोंड करून लोंबतात, त्यांच्या पोटाला पिवळी चिकट पूड असते. ती पूड वरच्या तीन देवांच्या गोल टोकांना लागली पाहिजे. लागली तर मधली गोळी फुगते, तेच फळ. नाही लागली तर तीन-चार दिवसांत पिवळी पडून देठासकट गळते.

वाऱ्यानं हे होत नाही, पूड जड अन् चिकट असते. छोट्या मधमाश्या येतात पण त्या बुटक्या, पांडवांच्या पोटाची पूड पोत्यानं घेऊन जातात अन् वरच्या टोकांना त्यांची पाठ लागतच नाही, म्हणजे चोरीच. हे काम खरं करतो तो मोठा काळा भुंगा, लाकूड कोरणारा. तो झालरीवर बसून मध प्यायला डोकं घालतो तेव्हा त्याची पाठ बरोबर पांडवांना घासते अन् दुसऱ्या फुलावर गेला की तीच पाठ देवांना.

मग भुंगे गेले कुठं? माझ्या माहेरी गंगाखेडकडं जुनं माळवदाचं घर आहे, तिथं छताच्या लाकडी सरांना अन् तुळयांना बोट जाईल एवढी गोल भोकं आहेत, उन्हाळ्यात खाली भुसा पडायचा अन् आई भुंग्यांच्या नावानं ओरडायची. इकडं आमच्या कॉलनीत सगळा स्लॅब, लोखंडी खिडक्या, ॲल्युमिनियमची दारं, भुंग्यानं घर करायचं कशात? तर पहिला उपाय म्हणजे शेवग्याचा नाहीतर पांगाऱ्याचा वाळलेला ओंडका अन् दोन-चार जाड वाळके बांबू पावसानं भिजणार नाहीत असे मांडवाजवळ बांधून ठेवा, रंग-पॉलिश काही लावू नका. मी बांधले, दुसऱ्या वर्षी एका बांबूत भोक दिसलं, एवढा आनंद मला घराच्या वास्तुशांतीला झाला नव्हता. पण एका भुंग्यावर भागत नाही, तोवर आपणच भुंगा व्हायचं.

हातानं परागीकरण, माझी पद्धत

फूल उघडलं की लगेच धावायचं नाही. उघडताना ती तीन टोकं सरळ वर उभी असतात, मग तासाभरात हळूहळू कमान करून पांडवांच्या पातळीला खाली वाकतात. वाकली की वेळ झाली. पिवळ्याला साधारण दीड ते चार, जांभळ्याला सकाळी आठ ते दहा, पण घड्याळापेक्षा टोकं बघा. काही फुलांची टोकं दिवसभर वाकतच नाहीत, तशीच ताठ राहतात, त्यांना सोडून द्या, तुम्ही किती पूड फासली तरी ती सहसा धरत नाहीत. मी सुरुवातीला अशाच फुलांवर जीव टाकत होते अन् वाटायचं माझ्याच हाताला यश नाही.

पिवळा असेल तर पहिल्या वेलाचं एक ताजं फूल तोडा, त्याचा एक पांडव चिमट्यानं उपटा अन् त्याचं पोट दुसऱ्या वेलाच्या फुलाच्या तिन्ही टोकांना हलक्या हातानं घासा, टोकावर पिवळा टिळा दिसला पाहिजे. तिन्हीला लावा, एकावर थांबू नका. याचं कारण असं की आतली प्रत्येक बी म्हणजे पराग पोचल्याची पावती, अन् रस असतो तो बीभोवतीच्या पिशवीत, जेवढ्या बिया तेवढा रस. कंजुषी केली की फळ बाहेरून टपोरं अन् आत अर्धं रिकामं निघतं. एका फुलाच्या पाच पांडवांत पाच-सहा फुलं सहज होतात. मग उलटं करा, दुसऱ्याचे पांडव पहिल्याला. कोणत्या फुलाचं झालं हे विसरायला होतं म्हणून देठाला लोकरीचा धागा बांधा, आमची पोरगी राखीचे उरलेले धागे बांधते.

ब्रश, कानात घालायची काडी, सगळं करून बघितलं, कापसाच्या काडीला निम्मी पूड चिकटून राहते, त्यापेक्षा आपलं बोट बरं. पोरीनं तर आयब्रोचा जुना ब्रश आणला होता, तो पण चालला. जांभळ्याला एवढा खटाटोप नाही, त्याच फुलाच्या पांडवांवरून बोट फिरवून टोकांना लावलं तरी पुरे, पण लावा मात्र, आपोआप होईल म्हणून बसू नका.

पाऊस हा मोठा वैरी. परागाचा कण पाण्यानं फुगून फुटतो, म्हणजे ओल्या फुलावर केलेली मेहनत वाया. अन् आपल्याकडं परतीचा पाऊस कधी येतो, तर दुपारी तीन-चारला ढग भरून, बरोबर पिवळ्याच्या मुहूर्तावर. आभाळ आलेलं दिसलं की उघडलेलं फूल तोडून स्टीलच्या डब्यात आणून ठेवायचं, पूड कोरडी राहते, अन् परागीकरण केलेल्या फुलावर पेपरचा कोन करून उलटा टोपीसारखा घालायचा, दोन तास कोरडं राहिलं की पुढं पाऊस आला तरी हरकत नाही. शेजारचे बघायचे अन् म्हणायचे, फुलांना टोप्या कशाला घालायल्या.

नोकरीवाल्यांनी काय करायचं? मी पण नोकरीवालीच. पिवळ्याचं फूल संध्याकाळी सहा-सातपर्यंत उघडं असतं, ऑफिसातून आलं की चहाच्या आधी हे काम, उशिरा केलं तर धरायचं प्रमाण थोडं कमी होतं एवढंच. सकाळी मोकळा वेळ असणाऱ्यांनी सरळ जांभळा लावा.

फुलं चालू असताना कीटकनाशक फवारू नका, अगदीच गरज पडली तर निंबोळी तेल लिटरला ५ मिली अन् तेही फुलं मिटल्यावर. तशी मोठी कीड एकच, नारिंगी रंगाचं एक फुलपाखरू पानाखाली पिवळ्या अंड्यांचे पुंजके घालतं, त्यातून काटेरी अळ्या निघतात अन् चार दिवसांत वेलाच्या नुसत्या काड्या उरतात. रोज पानं उलटून बघा, अंड्यांचं पान तोडा, विषय संपला. पानाच्या देठावर दोन बारीक गाठी असतात, त्यातून गोड पाझरतं म्हणून मुंग्या येतात, त्यांना हाकलू नका. फक्त पांढरा कापसासारखा मिलिबग दिसला तर तो साबणाच्या पाण्यानं धुवा.

धरलेलं फळ दोन-तीन आठवड्यांत पूर्ण आकाराचं होतं अन् मग तसंच हिरवंगार लटकून राहतं, आपला धीर सुटतो. फूल लागल्यापासून पिकेपर्यंत दोन ते तीन महिने धरा. कच्चं फळ खाऊ नका, त्यात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, पाल्यात पण असतात, म्हणून छाटलेला पाला शेळीपुढं टाकू नका. पिकलं की ते आपोआप खाली पडतं. आमच्याकडं खारी आधी पोचतात म्हणून मांडवाखाली जुनी साडी झोळीसारखी बांधलीय. पडलेलं फळ चार-पाच दिवस टोपल्यात ठेवलं की साल सुरकुतते अन् आंबटपणा उतरतो. लोक सुरकुतलेलं बघून सडलं म्हणून फेकतात, खरी चव त्याच्यातच.

सरबताला दोन फळांचा गर, ग्लासभर पाणी, साखर, चिमूटभर सैंधव अन् भाजलेल्या जिऱ्याची पूड. बिया मिक्सरमध्ये फोडू नका, कडवट लागतं, चमच्यानं घोटून गाळून घ्या. सासूबाई बियांसकट खातात, कुरूमकुरूम.

वेल चार-पाच वर्षांत थकतो, फळं कमी अन् लहान होतात. म्हणून तिसऱ्या पावसाळ्यात नवीन बी टाकून ठेवायचं. माझ्याकडं यंदा अकरा रोपं झाली, त्यातली दोन मागच्या गल्लीत दिली, त्यांना अट एकच घातली: फुलं आली की दुपारी एक फूल डब्यात घालून इकडं पाठवायचं, माझ्याकडून एक तिकडं येईल.